गरोदरपणातील योग : तपासणीच्या फाइलवर एक रकाना हवा

महोदय,

जून महिना आला की योग दिनाच्या बातम्यांबरोबर गरोदर स्त्रियांच्या आसनांची छायाचित्रेही वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर दिसू लागतात, आणि पहिल्यांदाच आई होणाऱ्या कितीतरी मुली त्या चित्रांवर भरवसा ठेवून घरी सतरंजी अंथरतात. गेल्या वर्षी मीही त्यांच्यापैकीच एक होते. घरच्या घरी केलेल्या योगाचा मला फायदा झाला आणि एकदा मी त्यात चांगलीच घाबरलेही. त्या अनुभवातून सुचलेली एक मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे आरोग्य खात्यापर्यंत पोहोचावी, यासाठी हे लिहीत आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर उभे राहून शिकवायचे, त्यात पाचव्या महिन्यापासून कंबर धरू लागली. आमच्या भागात गरोदर स्त्रियांसाठी योगवर्ग नव्हता, म्हणून पहाटे घर जागे होण्याआधी, तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून, एका चित्रफितीत पाहून मी सराव सुरू केला. हा सराव नऊही महिने चालतो, असे तीत सांगितले होते. सहावा महिना सरत आला होता तेव्हा एके सकाळी शेवटच्या शवासनात मी बराच वेळ उताणी पडून राहिले आणि अचानक कानांत दडे बसले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझी हाक ऐकून सासूबाई धावत आल्या, त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवले, पाठीशी लोड लावला आणि थोड्याच वेळात मला बरे वाटू लागले. त्याच दिवशी दवाखान्यात गेल्यावर बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत मात्र माझ्या जिवात जीव नव्हता. डॉक्टरांनी समजावले की, उताणे झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब उतरतो. म्हणून पहिले तीन महिने उलटल्यावर फार वेळ उताणे पडून व्यायाम करू नये. इतकी साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, आणि मलाही विचारायचे सुचले नव्हते.

यावरून गरोदरपणी योगच नको, असा अर्थ कोणीही काढू नये. ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गर्भवतींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. अशा हालचालीने गरोदरपणातील मधुमेहाचा, वाढत्या रक्तदाबाचा आणि अवाजवी वजनवाढीचा धोका कमी होतो. व्यायाम करताना बोलता येत असेल, दम लागून शब्द तुटत नसतील, तर तो झेपतो आहे असे समजावे, ही खूण मला फार उपयोगी पडली.

पुढे मी एका अनुभवी योगशिक्षिकेकडून सराव शिकून घेतला. आसने शिकवण्याआधी त्यांनी माझी तपासणीची फाइल मागितली, हे मला विशेष वाटले. ताडासन त्यांनी भिंतीशी उभे करून घेतले. बद्धकोनासनात दोन्ही गुडघ्यांखाली घडी घातलेल्या चादरी ठेवल्या, मार्जारासनात पाठ किती वाकवायची ते हात ठेवून दाखवले, आणि शवासनाऐवजी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन विश्रांती घ्यायला लावली. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणे, पोटावर भार येणारी भुजंगासन-धनुरासनासारखी आसने आणि कंबरेतून पिळा देणारे प्रकार त्यांनी पूर्ण बंद केले. या दिवसांत संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैलावतात, त्यामुळे शरीर नेहमीपेक्षा जास्त वाकते आणि त्याच नादात ते दुखावते, असे त्या वारंवार बजावत. ओल्या फरशीवर किंवा सरकणाऱ्या सतरंजीवर तोल सांभाळायची आसने करू नयेत, हेही त्यांचेच सांगणे. महिनाभरात माझी कंबर पुष्कळ हलकी झाली आणि रात्रीची झोप सुधारली.

आपल्याकडे या बाबतीत दोन टोके दिसतात. एका घरात दोन जिवांची म्हणून मुलीला जागचे हलू देत नाहीत, तर दुसऱ्या घरात 'खाली बसून फरशी पूस, मोकळी होशील' असे सांगून घरकामालाच व्यायाम ठरवतात. थकलेल्या बाईने कामाच्या रगाड्यात वाकणे आणि स्वतःसाठी काढलेल्या वीस मिनिटांत श्वासाकडे लक्ष देत शरीर हलवणे यांत मोठा फरक आहे, तो घरातल्यांनी ओळखावा. शिवाय 2019 ते 2021 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन फारच उतरले आहे, जिची वार (बाळाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाशयात खाली आहे, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला आहे किंवा अंगावरून रक्त जाते आहे, तिने चित्रफीत पाहून आसने करणे धोक्याचे आहे. हे तिला पडद्यावरची शिक्षिका सांगू शकत नाही, कारण त्या शिक्षिकेने तिची फाइल पाहिलेली नसते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. माझे बाळ पायाळू होते आणि सिझेरियन करावे लागले. 'एवढा योग करून काय उपयोग झाला,' असे भेटायला आलेल्या दोघीतिघी म्हणाल्या, तेव्हा ओली बाळंतीण असलेली मी उशीत तोंड खुपसून रडले. योग म्हणजे सुखप्रसूतीची हमी नव्हे आणि शस्त्रक्रियेने बाळंत होणारी बाई कमी पडली असेही नव्हे. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींवर कोणी विश्वास ठेवू नये.

आता मागणी. माझ्या फाइलमध्ये लोहाच्या गोळ्यांचा रकाना होता, धनुर्वाताच्या लसीचा होता, सोनोग्राफीच्या तारखांचा होता, व्यायामाचा नव्हता. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येकीला 'घरी काही व्यायाम करता का' एवढे विचारावे आणि चालेल, चालणार नाही, किंवा कोणत्या महिन्यापर्यंत काय चालेल, हे तिच्या कागदावर लिहून द्यावे. रक्तस्राव, पाणी जाणे, पोटात कळा, छातीत दुखणे, चक्कर किंवा पोटरीला सूज यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना गाठावा, ही सूचना त्याखालीच मराठीत छापावी. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही तो कागद पाहून सासू-सुनेशी बोलता येईल. यासाठी नवी योजना लागत नाही. येत्या 9 तारखेला डॉक्टरांनी हाताने लिहिले तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सातारा