मालकी गायिकेचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या कंपनीने घेतले नाही म्हणून स्वतःच गाणी काढणारा तो ‘स्वतंत्र’ कलाकार, असा सूर आपल्याकडच्या लेखनात वारंवार दिसतो. डेन्मार्कच्या गायिका-गीतकार टीना डिको यांची कारकीर्द बघितली की तो पटत नाही. ‘फाइनेस्ट ग्रामोफोन’ हे स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी कंपनी, काढूनच त्यांनी २००१ मध्ये ‘फ्यूएल’ हा पहिला अल्बम आणला. पुढे लंडनमध्ये ‘झीरो सेव्हन’ या ब्रिटिश जोडीच्या २००४ च्या ‘व्हेन इट फॉल्स’ अल्बममध्ये त्या गायल्या आणि डेन्मार्कबाहेर त्यांचे नाव झाले. त्यानंतरही स्वतःची गाणी त्यांनी स्वतःच्याच लेबलवर ठेवली. २००५ चा ‘इन द रेड’ डेन्मार्कमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

लेबल स्वतःचे असल्याने नेमके काय मिळते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: रचना (शब्द आणि चाल) आणि तिचे ध्वनिमुद्रण. डेन्मार्कमध्ये रचनेच्या सादरीकरणाचे मानधन ‘कोडा’ ही गीतकार-संगीतकारांची संस्था गोळा करते. रेडिओवर किंवा दुकानात ध्वनिमुद्रण वाजले तर पैसे ‘ग्रामेक्स’ या संस्थेकडे जमतात, त्यातला अर्धा वाटा कलाकारांचा, अर्धा निर्मात्याचा, म्हणजे सहसा लेबलचा. लेबल परक्याचे असेल तर दुसरा अर्धा त्याच्याकडे जातो. गायिकाच निर्माती असली की तो तिच्याकडेच राहतो. पहिल्या अर्ध्यात मात्र साथीदार वादकही वाटेकरी असतात, हे विसरून हिशेब मांडू नये. स्ट्रीमिंगचे ध्वनिमुद्रणाचे पैसे ‘ग्रामेक्स’कडून येत नाहीत, ते वितरकामार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, येतात. नवखे कलाकार हमखास फसतात ते इथेच: एका ठिकाणी नाव नोंदवले की सगळीकडची रक्कम येईल, असे ते धरून चालतात.

बाकीच्या चुका क्षुल्लक वाटतात, पण महागात पडतात. कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी ‘कोडा’ला कळवली नाही, तर सभागृहाने भरलेले शुल्क योग्य गीतकारापर्यंत पोहोचत नाही. सहलेखकांनी कळवलेल्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांवर गेली, तर वाद मिटेपर्यंत रक्कम अडकते. वितरक बदलताना त्याच मुद्रणाला नवा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक दिला, तर आधीच्या ऐकण्यांची मोजणी तुटते. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मुद्रणाचा असतो, वितरकाचा नव्हे. रीमिक्स किंवा नव्याने केलेले मुद्रण असेल तरच नवा क्रमांक घ्यायचा.

मराठी गीतकार-संगीतकारांचाही याच्याशी थेट संबंध आहे. त्यांची रचना डॅनिश रेडिओवर वाजली, तर तिचे मानधन ‘कोडा’ गोळा करते आणि परस्पर करारानुसार ते मुंबईच्या ‘आयपीआरएस’ या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत त्यांच्यापर्यंत येऊ शकते. त्यासाठी नुसते सभासदत्व पुरत नाही. प्रत्येक गाणे, त्याची पर्यायी नावे आणि प्रत्येकाचा वाटा आधीच नोंदवलेला असावा लागतो. गाण्याच्या नावाचे रोमन स्पेलिंग नोंदणीत एक आणि वितरकाकडे दुसरे असेल, तर जुळणी चुकण्याची भीती असते. म्हणून गाणे प्रसिद्ध करण्याआधीच दोन्ही ठिकाणची नावे शेजारी ठेवून तपासावीत.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे