यादीच्या आधी

प्रिय सुहास,

फॅब्रिकेशन शॉपची, म्हणजे धातू कापण्या-जोडण्याच्या कारखान्याची, जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. हेल्मेट, हातमोजे, अ‍ॅप्रन यांची यादी तू मागितली आहेस. ती देतो, पण पत्राच्या शेवटी. कारण ही साधनं कामाला येतात ती बाकीचं सगळं हुकल्यावर. त्याआधी काही विकत न घेता नुसता शॉपमध्ये फिर. उडणारी ठिणगी, तापलेला जॉब (ज्यावर काम चालू आहे तो धातूचा तुकडा), फिरती डिस्क, यांना माणूस आपसूक बिचकतो. धुराला, वायूला आणि रिकाम्या पिंपाला कोणी बिचकत नाही, आणि माझी काळजी तिथेच आहे.

वाकून काम करणाऱ्या वेल्डरकडे एकदा बाजूला उभा राहून नीट बघ (तुझ्याही डोळ्यांवर काच हवी). आर्कमधून, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या झोतातून, निघालेला धूर सरळ वर चढतो, छातीला लागतो आणि हनुवटीखालून हेल्मेटच्या आत शिरतो. काळी काच प्रकाश अडवते, धूर अडवत नाही. छतावरचा एक्झॉस्ट तो धूर ओढतो खरा, पण आधी वेल्डरच्या नाकावरून नेऊन. मग कोणी मोठा पंखा लावतो. त्या वाऱ्याने मिग वेल्डिंगमध्ये जोडाला हवेपासून वाचवणारा शील्डिंग गॅस उडतो, वेल्डमध्ये छिद्रं पडतात आणि वेल्डर पंखा बंद करून टाकतो. त्याची चूक नाही, पंख्याची जागा चुकलेली आहे. धूर ओढणाऱ्या पाइपचं तोंड आर्कच्या बाजूला, जवळ हवं. ते जेवढं रुंद, साधारण तेवढ्याच अंतरावर. त्याहून लांब गेलं की ओढ झपाट्याने कमी होते. पाइप हलता असेल तरच माणसं तो जॉबबरोबर सरकवतात, म्हणून घेताना तोच घे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. साधं माइल्ड स्टीलही त्यातून सुटलेलं नाही. स्टेनलेसच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं कर्करोग करणारं रूप, असतं, तिथे जास्त जप. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यावर काम केलं की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, आणि दोन दिवसांत सगळं ओसरतं. माणूस समजतो, साथीचा ताप होता. असा ताप कोणाला आला तर आदल्या दिवशी तो कशावर काम करत होता ते विचार. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी काढायला लाव. आणि क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटने पुसलेला जॉब आर्कखाली अजिबात जाऊ देऊ नकोस. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, तो फुप्फुसांवर जातो आणि त्रास कधीकधी कित्येक तासांनी सुरू होतो.

आता रिकामं पिंप. ही गोष्ट मी तुला हात धरून सांगितली असती. पिंप उलटं केलं, थेंब पडला नाही, म्हणून माणूस ते कापायला गॅसची टॉर्च लावतो. पण शिवणीत, कडेच्या घडीत, गंजाखाली तेल उरलेलं असतं. जड तेलाला एरवी वास येत नाही, ते सहज पेटतही नाही. ज्योतीने पत्रा तापला की त्याचीच वाफ होते, आतल्या हवेत मिसळते आणि पिंप फुटतं. झाकण उघडं ठेवलं, पाण्याने विसळलं, एवढ्याने भागत नाही. नीट धुऊन, वाफवून, पाण्याने किंवा निष्क्रिय वायूने भरून, जाणकाराने गॅस तपासून लेखी परवानगी दिली तरच हात लावायचा. मी तर म्हणेन, आपल्या शॉपमध्ये जुनी पिंपं कापायचीच नाहीत असं ठरवून टाक.

टाकीच्या आतल्या कामात आर्गॉनकडे, म्हणजे वेल्डिंगला शील्डिंगसाठी वापरतात त्या वायूकडे, लक्ष दे. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, वास नाही, रंग नाही. श्वास कोंडल्याचं लक्षणही जाणवत नाही, कारण ती जाणीव शरीरात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर उच्छ्वासातून बाहेर पडतच असतो. माणूस सरळ कोसळतो, मागोमाग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो, मीटरवर १९.५ च्या खाली दिसला तर कोणीही आत जायचं नाही. बाहेर एक माणूस कायम उभा हवा, आणि आतला पडला तरी त्याने स्वतः उतरायचं नाही, दोरीने ओढायचं. सुट्टीत टॉर्च आणि गॅसची नळी (होज) टाकीबाहेर काढायची. आणि आत हवा खेळावी म्हणून ऑक्सिजन सोडू देऊ नकोस, त्याने कपडेसुद्धा भडकून पेटतात.

सिलिंडरचं थोडक्यात सांगतो. अ‍ॅसिटिलीन उभाच ठेव, दाब १५ पीएसआयच्या वर नेऊ नकोस, त्याला तांब्याचा पाइप जोडू नकोस. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लागता कामा नये. दोन्ही लाइनींवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरली तर अडवणारे, हवेत.

ठिणग्या ११ मीटरपर्यंत जातात असं धरून तेवढा घेर मोकळा कर, आणि काम संपल्यावर तासभर माणूस बसव. ठिणगी भुशात किंवा फटीत शांतपणे धुमसत राहते. ग्राइंडरवर डिस्क लावताना तिच्यावर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा जास्त आहे ना, एवढं स्वतः वाच. गार्ड काढून मोठी डिस्क बसवलेली दिसली तर ते मशीन त्याच क्षणी बंद. घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी इलेक्ट्रोडचा होल्डर धरू देऊ नकोस; आर्क नसताना मशीनवर ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. आणि पडदे लाव. डोळ्यांना वेल्डिंगचा प्रकाश लागतो तो अनेकदा शेजारून जाणाऱ्याला, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं त्याला रात्री व्हायला लागतं.

यादी अशी: कामाप्रमाणे १० ते १३ शेडची (काळेपणाच्या क्रमांकाची) काच, हेल्मेटखाली साधा गॉगल, चामड्याचे हातमोजे, दुमड नसलेले सुती कपडे, इअरप्लग, आणि जिथे धूर ओढणं पुरत नाही तिथे चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटर (श्वासाची हवा गाळणारा मुखवटा).

पुढच्या पत्रात शॉपचा नकाशा काढून पाठव. वेल्डिंगच्या जागा, सिलिंडर, रंगाचं सामान आणि दारं कुठे आहेत ते दाखव, म्हणजे एक्झॉस्टचे पाइप कुठून न्यायचे ते ठरवू.

तुझाच,
माधव