वेगमर्यादेच्या आकड्याखाली एकक हवेच

संपादक महोदय,

उन्हाळ्यात मुलीकडे डब्लिनला गेलो असता आम्ही भाड्याच्या मोटारीने बेलफास्टला निघालो. आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेला उत्तर आयर्लंड यांच्या सीमेवर ना चौकी, ना फाटक. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि यापुढे वेग मैलांत असल्याचा एक फलक मागे पडला, एवढीच काय ती खूण. पुढे एका गावाच्या वेशीवर लाल वर्तुळात नुसताच ३० हा आकडा होता. मोटारीचा वेगदर्शक काटा किलोमीटरचा आणि माझी उभ्या आयुष्याची सवयही किलोमीटरचीच, त्यामुळे मी वेग तीसवर आणला आणि मागे गाड्यांची रांग लागली. हे तीस मैल आहेत, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर, हे शेजारी बसलेल्या पत्नीच्या लक्षात आले तेव्हा कुठे उलगडा झाला.

आमची चूक खोळंब्यावर निभावली. मात्र उत्तरेकडून येणाऱ्या एखाद्याने आयर्लंडच्या महामार्गावरील १२० हा आकडा मैलांचा समजला, तर तो ताशी १९३ किलोमीटरने मोटार हाकेल. आयर्लंडने २० जानेवारी २००५ रोजी देशभरातील वेगमर्यादा एकाच दिवशी किलोमीटरमध्ये आणल्या, तेव्हा प्रत्येक आकड्याखाली एककही छापले, हे फार शहाणपणाचे झाले. शिवाय त्यांनी केवळ गुणाकार केला नाही. वस्तीतील ३० मैलांचे ५० किलोमीटर केले, पण गावोगावच्या अरुंद रस्त्यांवरील ६० मैलांची मर्यादा ८० किलोमीटरवर, म्हणजे जवळपास ५० मैलांवर उतरवली. पाट्या बदलायच्याच होत्या, तर मर्यादाही तपासून घेतल्या, हे मला विशेष मोलाचे वाटते.

ब्रिटनमध्ये हाच बदल १९७३ साली व्हायचा होता. १९७० मध्ये तो लांबणीवर पडला, तो आजतागायत. तेथे पेट्रोल लिटरने विकले जाते, शाळेत मुले मीटर शिकतात आणि रस्त्यावर मात्र मैल व यार्ड टिकून आहेत. खर्चाची सबब मला पटत नाही, कारण मण, शेर आणि फर्लांग मोजणाऱ्या आपल्या गरीब देशाने १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर काही वर्षांतच हे स्थित्यंतर पार पाडले. ब्रिटनने निदान आकड्याखाली एकक तरी लिहावे.

सीमेपलीकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी तोवर मोटार ताब्यात घेतानाच वेग मैलांत कसा दिसेल, हे विचारून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक