शाल अण्णांना मिळाली, आभार वहिनींचे

वहिनी,

हे सगळं तुम्हाला घरी बसूनही सांगता आलं असतं. पण मी एम.एस्सी. झाले म्हणून गावात सत्कार झाला तेव्हा पारावर माईक लावून भाषणं झाली. त्या भाषणांत जे राहून गेलं, तेही चारचौघांतच सांगायला हवं. त्या दिवशी अण्णांना शाल मिळाली, दादाच्या हातात नारळ आला. "बापानं पोरगी विद्यापीठात धाडली, भाऊ पाठीशी उभा राहिला," असं जो तो बोलला. ते खरंच आहे, दोघांनीही माझ्यासाठी पोटाला चिमटा काढलाय. तुम्ही मात्र तेव्हा आपल्या ओसरीवर सगळ्या माणसांच्या चहाचं बघत होतात, आणि तुमचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. आपल्या घरातलं कुणी तिथं शिकायला जायला २०२३ उजाडलं. केजच्या कॉलेजात होते तोवर सकाळी गेलेली मी दिवेलागणीला घरात असायचे. एम.एस्सी.ला विद्यापीठात नंबर लागला आणि केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत एसटीनं मी थेट संभाजीनगरला उतरले. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत बेगमपुऱ्यात कॉट बेसिसवर राहिले. फी, मेसचे पैसे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांची काळजी घरात सगळ्यांना होती. एवढ्या लांब गेल्यावर माझं आणि घराचं काय होईल, ही काळजी एकट्या तुम्हाला होती.

कारण ते तुम्ही भोगलेलं होतं. दसरा झाला की तुमचे आई-वडील धारूरकडून ऊसतोडीला निघायचे, मुकादमाची उचल फेडून पाडव्याच्या आगेमागे परतायचे. तेवढे महिने तुम्ही आजीपाशी. तसंच करत बारावी झालात. एकदा भांडी घासताना तुम्ही सहज बोलून गेलात, "ताई, आई फोनवर 'बरी हाईस का' इचारायची, मी 'बरी हाय' म्हणायची. झालं. मग ती घरी आली की दोघींला काय बोलावं तेच सुचायचं नाही. आठ-आठ दिवस पाहुण्यावानी वागायचो." वयानं मोठ्या असून तुम्ही मला ताई म्हणता. त्या दिवशी मला वाटलं, या बाईनं काहीतरी मनाशी ठरवलंय.

अण्णांना फोनवर बोलायची सवय नाही. "हं. बरंय. आईला देतो," एवढ्यावर त्यांचं संपायचं. मला वाटायचं, मी गेले ते त्यांना मनातून पटलेलं नाही. मग तुमचे मेसेज यायला लागले. 'मोटार जळाली, वाइंडिंगला किती लागले ते मामांना विचारा.' 'या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे, मामा पाणी धरायला जातात.' 'म्हैस आटली.' मी फोन करून तेवढंच विचारायचे, आणि अण्णा सुरू व्हायचे. वाइंडिंगवाल्यानं तार कसली वापरली, डीपीवरचा फ्यूज सारखा का उडतो, सोयाबीन विकावं की ठेवावं. पुढं पुढं रात्री पाणी देताना बांधावर बसून तेच मला फोन लावायला लागले. मी वसतिगृहाच्या जिन्यात, ते हरभऱ्यात. अशाच एका रात्री त्यांनी विचारलं, "ते तुझ्या प्रयोगशाळेत नेमकं काय करतेत?" मी टायट्रेशन समजावून सांगितलं. थेंब थेंब सोडायचा आणि रंग बदलला की थांबायचं, हे त्यांना फार आवडलं. मी बी.एस्सी. झाले तरी हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

आईचं वेगळं होतं. तिनं संभाजीनगर पाहिलेलंच नव्हतं. लेक कुठं झोपते, कुठं जेवते हे डोळ्यांपुढं येत नसल्यामुळं तिला रात्र रात्र झोप लागायची नाही. तुम्ही दादापुढं हिशेब मांडलात: एसटीत बायकांना आता अर्धं तिकीट, आजी पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून तिला फुकट, धपाटे घरचे, मग खर्च कशाचा? तिघी पहाटेच्या गाडीनं निघून आलात. आई माझ्या कॉटवर बसली. गादी हातानं दाबून पाहिली. खिडकीची कडी लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावली. मेसच्या मावशींना विचारलं, "भाकरी देता का नुसत्या चपात्याच?" आजी मकबऱ्यापेक्षा पाणचक्कीच्या हौदातल्या माशांत जास्त रमली. त्या दिवसानंतर आईचं फोनवरचं बोलणंच बदललं. "खिडकीतून गार वारं येत असंल, डोक्याला बांधून झोप," असं ती म्हणायची, आणि मला खरोखर कुणीतरी पांघरूण घातल्यासारखं वाटायचं.

विद्यापीठात गेल्या गेल्या ढीगभर फॉर्म भरून घेतात. घरापासून हळूहळू तुटत चाललेल्या पोरापोरींकडं बघायला तिथं कुणी नसतं. माझ्यासोबतची एक मुलगी पुढं पुढं घरी फक्त पैसे संपले की फोन करायची. तिच्या घरचे वाईट नव्हते. तिच्या घरात तुमच्यासारख्या वहिनी नव्हत्या.

आता फोटोचं. हे लिहू की नको, असं झालं होतं, पण लिहिते. १४ जानेवारीला नामविस्तार दिन असतो. १९९४ साली त्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. गेटसमोर माणसांचा पूर असतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात. आमच्या विभागातल्या आम्ही सगळ्यांनी तिथं फोटो काढला, मी तो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी गावातला एक जण अण्णांना तो फोटो दाखवून विचारून गेला, "ही कोणाकोणाची पोरं हायेत?" त्या प्रश्नाच्या पोटात काय काय होतं, ते आपल्याकडं कुणाला फोडून सांगावं लागत नाही. अण्णा घरी येऊन गप्प बसले. हे सगळं मला नंतर दादाकडून कळलं.

तुम्ही तोपर्यंत माझ्या एकूण एक मैत्रिणीची आणि मित्राची माहिती काढून ठेवलेली होती. कुणाचं गाव कोणतं, घरी कोण कोण, कुणाचे वडील काय करतात. मला वाटायचं, वहिनींना करमत नाही म्हणून विचारतात. त्या संध्याकाळी तुम्ही अण्णांपुढं फोटो धरलात आणि एकेकावर बोट ठेवलंत. "मामा, ही हिंगोलीची, हिला वडील नाहीत, कमवा आणि शिकामध्ये काम करून राहती. ही भोकरदनची, ताई हिच्याच ताटात जेवती. अन् हा परतूरचा. ताईला ताप भरला तवा घाटी दवाखान्यात केसपेपर यानंच काढला, सलाईन संपेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून होता." सासऱ्यांपुढं एवढं सलग बोलायची तुमची ती पहिलीच वेळ असेल. अण्णांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हुरड्याला बोलव म्हणावं समद्यांला."

ते आले. शेतात आगटी पेटवली, अण्णांनी स्वतः कणसं भाजून चोळून दिली. जेवायला तुम्ही सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलंत, घरातल्याच ताटांत वाढलंत, आणि अण्णांचं ताट त्याच ओळीत मधोमध मांडलंत. कुणाला काही बोलायला जागाच ठेवली नाहीत. तो परतूरचा मित्र आता सणासुदीला आधी अण्णांना फोन करतो, मला नंतर.

माझ्या केजच्या मैत्रिणीबद्दलही सांगायला हवं. मी विद्यापीठात गेले त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आणि आमचं बोलणं आपोआप कमी होत गेलं. ती पंचमीला माहेरी येणार, हे तुम्हीच मला कळवलंत आणि मला त्याच दिवसांत बोलावून घेतलंत. माळवदावर आम्ही दोघी पहाटेपर्यंत बोलत होतो. खाली तुम्ही तिच्या तान्ह्याला घेऊन झोपलात. आता ती मला तिच्या सासरचं सगळं सांगते, मी तिला माझ्या नोकरीच्या अर्जांचं.

वहिनी, हे सगळं काम होतं. शेतातलं, चुलीपुढचं करून वर केलेलं. त्याला कुणी शाल घालत नाही, म्हणून इथं लिहिलं. मी शिकले ते अण्णांच्या आणि दादाच्या कष्टांवर. शिकूनही मी घरातलीच राहिले, ती तुमच्यामुळं. मनापासून आभार.

आणि एक कामाचं. मी गेल्यापासून दरवर्षी तुमच्या आई-वडिलांची टोळी निघाली तेव्हा आपल्याकडं सोयाबीनची काढणी चालू होती. त्यांचं सामान गाडीत चढताना तुम्ही इथं मळणीच्या माणसांच्या भाकरी थापत होतात. यंदा मी घटस्थापनेलाच गावी येतेय. मळणीवाल्यांचा स्वयंपाक मी आणि आई बघू, अण्णांशी माझं बोलणं झालंय. तुम्ही दसऱ्याच्या आधीच धारूरला जा आणि टोळी हलेपर्यंत तिथंच राहा. दादा मोटारसायकलवर सोडतो म्हणालाय. पिशवी भरून ठेवा.

तुमची,
धाकटी नणंद