इंजिनाचे तोंड दक्षिणेला ठेवा: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

शकुंतला ही आपली नॅरोगेज रेल्वे ब्रॉडगेज व्हावी ही वऱ्हाडाची मागणी आम्हा वाफेच्या गाड्यांच्या छायाचित्रकारांचीही आहे. यवतमाळ-दारव्ह्याच्या माणसाला आता नॅरोगेज पुरणार नाही, यात वाद नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारे 113 किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे 76 किलोमीटरचा, अशा दोन्ही फाट्यांचे काम लवकर मार्गी लागो. आमचे मागणे एवढेच की त्यातली दहा-बारा किलोमीटर नॅरोगेज वाफेच्या गाडीसाठी राखा, आणि तो तुकडा निवडताना तिथे गाडीचा फोटो कसा निघेल हे नकाशावरच पाहा. अशा गाडीसाठी लांबून पैसे खर्चून येणारी माणसे कॅमेरा घेऊनच येतात. काळ्या तोंडाचे इंजिन आणि पांढरेफटक आभाळ असा फोटो घेऊन परतलेला माणूस पुन्हा येत नाही.

आमच्या मते हा तुकडा अंजनगाव सुर्जी ते दर्यापूर या पट्ट्यात असावा. अचलपूरहून पथ्रोटमार्गे अंजनगावपर्यंत लाईन बरीचशी पश्चिमेकडे जाते, म्हणजे सकाळच्या गाडीच्या पाठीवर ऊन आणि तोंडावर सावली. अंजनगाव सोडले की ती साधारण दक्षिणेला वळते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो. त्या वेळी अंजनगावहून दर्यापूरकडे निघालेल्या गाडीच्या तोंडावर आणि डाव्या बाजूवर ऊन पडते. लाईनच्या पूर्वेला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून वायव्येकडे कॅमेरा धरला की ऊन पाठीशी राहते, समोरून इंजिन येते, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे गाविलगडच्या रांगा दिसतात. संध्याकाळी सूर्य नैऋत्येला असतो, तेव्हा हीच दक्षिणेकडे जाणारी गाडी लाईनच्या पश्चिमेला उभे राहून टिपता येते. थोडक्यात, इंजिनाचे धुराडे कायम दक्षिणेकडे हवे आणि परतीचा प्रवास उलट्या तोंडाने. वास्तुशास्त्रवाले काय म्हणायचे ते म्हणोत.

इंजिनाचे म्हणाल तर माथेरान आणि दार्जिलिंगची इंजिने 610 मिलिमीटर गेजची, निलगिरीची मीटरगेजची. आपली लाईन 762 मिलिमीटरची, म्हणजे अडीच फुटी. त्यामुळे “माथेरानहून एखादे आणू” ही सूचना सभेत टाळ्या घेते, पण रुळावर बसत नाही. आपल्या मापाचे चालते इंजिन कालका–शिमला मार्गावर आहे: 1905 सालचे केसी 520. नॅरोगेजचा वारसा घरातही आहे, नागपूरच्या मोतीबागेतले संग्रहालय 2002 पासून उभे आहे. आणि 1921 साली मँचेस्टरमध्ये घडलेले झेडडी इंजिन याच शकुंतलेवर 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होते. तेव्हा इथे वाफेची गाडी म्हणजे काही बाहेरून आणून बसवलेला देखावा ठरणार नाही.

आता हंगाम. ही गाडी उन्हाळी सुट्टीत चालवू नका. धुराड्यातून निघणारी वाफ आपल्याला दिसते ती थंड हवेत तिचे थेंब होतात म्हणून. मे महिन्यात 45 अंशांवर ती बाहेर पडते न पडते तोच विरून जाते, फोटोत नुसता तपकिरी धूर उरतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवा गार आणि दमट असते, तेव्हा पांढरा लोट डब्यांच्या टपावरून मागेपर्यंत टिकतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते साडेपाच या दोन वेळा धरा. दुपारी ऊन डोक्यावर आले की चाके आणि ती फिरवणारे दांडे इंजिनाच्याच सावलीत बुडतात. शिवाय दहानंतर गिट्टी तापून हवा थरथरायला लागते आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेला प्रत्येक फोटो लिबलिबीत येतो. त्यावर कुठलाही महागडा कॅमेरा उपाय नाही.

फोटोसाठी गाडी पुन्हा चालवून दाखवणे हा अशा सहलींचा गाभा असतो. गाडी ठरल्या जागी थांबते, लोक उतरून आखलेल्या दोरीमागे उभे राहतात, गाडी 500-600 मीटर मागे जाते आणि जोर लावून पुन्हा येते. उतरणे-चढणे धरून एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढी वेळापत्रकात आधीच धरा. मागे जाताना शेवटच्या डब्यात गार्ड हवा आणि फाटकावर माणूस हवा. त्या तुकड्यावर एका वेळी एकच इंजिन असा नियम केला तर सिग्नलचा खर्चही वाचतो. उघड्या लाईनवर प्लॅटफॉर्म नसतो, म्हणून प्रत्येक डब्यामागे दोन लाकडी पायऱ्या ठेवा. गुडघे धरून उतरणारे प्रवासी निम्मा वेळ खातात.

वेग ताशी 25 किलोमीटर आणि तोही स्थिर हवा. अडीच फूट व्यासाचे चाक त्या वेगाला सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेते. दांडे स्वच्छ टिपायला 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते, आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवून मागचे शेत फराट्यासारखे करायचे तर 1/30. ड्रायव्हरने मधेच रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) मिटला तर दोन्ही गणिते फसतात, आणि धुराचा लोटही तुटतो. सिलिंडरचे कॉक (आत साचलेले पाणी काढणाऱ्या तोट्या) निघताना चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांपुरतेच उघडे असावेत. त्यापुढे ती बाजूची वाफ सगळे इंजिनच झाकून टाकते. उभ्या इंजिनाचा फोटो असेल तेव्हा दांडा तळाला येईल असे थांबवा. मग चाकांच्या आऱ्या मोकळ्या दिसतात. हे सगळे मंत्र्यांना कशाला सांगायचे, असे कोणी म्हणेल. वेग आणि थांबे आपलेच अधिकारी ठरवतात म्हणून सांगायचे.

काळ्याकुट्ट धुराची हौस मात्र आमच्यातल्याच काहींनी सोडली पाहिजे. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेला कोळसा. फायरमनने एकदम फावडेभर जास्त टाकला की फोटोपुरता धूर होतो, पण आग गुदमरते आणि पुढच्या चढाला वाफेचा दाब पडतो. आपल्या कोळशात राख मुळातच जास्त, त्यामुळे आगीखालच्या जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, धरतो आणि हवेची वाट बंद होते. थोडा-थोडा, वारंवार आणि पातळ थरात, हाच नियम बरा.

कोळशापेक्षा मोठी अडचण पाण्याची आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याला पटकन कळणार नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव हा पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा. इथल्या बोअरचे पाणी बॉयलरमध्ये घातले तर दोन गोष्टी होतात. क्षारांचा थर नळ्यांवर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि धातू जास्त तापतो. दुसरे म्हणजे खारे पाणी उकळताना फेसाळते आणि वाफेबरोबर पाणीच सिलिंडरमध्ये जाते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की सिलिंडरचे झाकण फुटते, दांडा वाकतो. बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळीही फेसामुळे खोटी दिसते. म्हणून बोअरचे कनेक्शन घेऊन मोकळे होऊ नका. धरणातून येणाऱ्या नळयोजनेचे किंवा शुद्ध केलेले पाणी साठवण्याची टाकी आधी बांधा, इंजिन नंतर आणा. पाण्याची तपासणी, रोजचे ब्लोडाऊन (बॉयलरच्या तळातले गाळाचे पाणी सोडून देणे) आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर धुणे याची नोंदवही ठेवा. पेटवण्याचे काम आदल्या रात्रीच सुरू व्हायला हवे. पाहुणे येणार म्हणून पहाटे घाईने आग वाढवली की नळ्यांचे जोड सुटतात आणि गाडी स्टेशनातच गळत बसते. ही कामे शिकवायला रेवाडीचे वाफेच्या इंजिनांचे केंद्र आहे. तिथे इथल्या आयटीआयची चार-सहा पोरे पाठवा.

हंगाम थंडीचा धरला की शेतकऱ्याचा प्रश्न येतोच. त्या दिवसांत वावरात तूर आणि हरभरा असतो, कापसाची वेचणी चालू असते, पऱ्हाटीच्या गंजी वाळलेल्या असतात. धुराड्यात ठिणग्या अडवणारी जाळी हवीच, राखदाणीची झडप बंद राहिली पाहिजे, आणि गाडीमागून पाण्याचे पंप घेतलेली ट्रॉली यावी. फोटोवाल्यांनी धुरा आणि पांदण सोडून वावरात पाय टाकू नये. चांगल्या जागेसाठी शेतकऱ्याशी आधीच करार करून भाडे द्यावे, आणि ते तिकिटातच धरावे. हरभऱ्यातून पन्नास माणसे गेली तर पुढच्या वर्षी तिथे कोणी उभे राहू देणार नाही, आणि ते बरोबरच होईल.

रुळावर उतरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तो असावा. पण स्टेशनात मोबाईलने फोटो काढणाऱ्याला कोणी हटकत नाही आणि ट्रायपॉड उघडणाऱ्याला चौकीत बसवतात, हे काही बरे नव्हे. काय चालते, काय चालत नाही, याचा एक पानी मराठी आदेश स्टेशनमास्तरच्या खोलीत लावा.

शेवटी, ठिकठिकाणी चौथऱ्यांवर उभ्या असलेल्या इंजिनांविषयी. धुराडे उघडे असल्याने पाऊस सरळ स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या धूरपेटीत) पडतो, जुन्या राखेत मिसळून आम्लयुक्त चिखल होतो आणि पत्रा तळातून कुजतो. बाहेरून मात्र दर वर्षी नवा चकचकीत ऑइलपेंट! तो रंग आभाळ परावर्तित करतो, म्हणून फोटोत काळे इंजिन पांढऱ्या पट्ट्यांचे दिसते. दांड्यांना चंदेरी रंग, पितळेवरही रंग, आणि समोर छातीइतके कुंपण. धुराड्यावर पत्र्याचे झाकण ठेवा, बॉयलरच्या तळाचे प्लग काढून साचलेले पाणी वाहू द्या, दांडे घासून त्यांना ग्रीस लावा, रंग कमी चमकीचा घ्या, कुंपणाऐवजी गुडघ्याइतकी साखळी लावा. बॉयलरवरचे आवरण उघडताना आत ॲस्बेस्टॉस असू शकते हे धरूनच हात घाला. नवा चौथरा बांधणार असाल तर तो उत्तर-दक्षिण घाला, म्हणजे सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला ऊन मिळेल. पूर्व-पश्चिम घातला तर उत्तरेची बाजू सगळा हिवाळा अंधारात जाते.

लाईन राखण्याला वेळ लागेल, हे आम्हाला ठाऊक आहे. धुराड्यांवरच्या झाकणांना तेवढा लागू नये. ती यंदाच्या पावसाआधी बसावीत.

आपले,
वऱ्हाडातील वाफेच्या गाड्यांचे छायाचित्रकार