कुंडीतले अंतर आणि वाफ्यातले अंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरचीच्या बियाण्याच्या पाकिटामागे ‘लागवडीचे अंतर ६० × ४५ सें.मी.’ असे छापलेले असते. माझ्या घरामागे अर्धा गुंठा काळी जमीन आहे आणि गच्चीवर काही कुंड्या, फळांचे जुने क्रेट व रंगाच्या रिकाम्या बादल्या आहेत. दोन्हीकडे त्याच भाज्या लावून पाहिल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, पाकिटावरचा हा आकडा जमिनीसाठी योग्य असला, तरी गच्चीवर तो नवख्या माणसाची दिशाभूल करतो.

यातले ६० सें.मी. हे दोन ओळींमधले अंतर आहे. खुरपणीला बसता यावे, सरीतून पाणी फिरावे आणि खालच्या पानांनाही ऊन-वारा मिळावा, म्हणून ते ठेवलेले असते. कुंडीत खुरपायला कोणी ओळीत शिरत नाही, त्यामुळे हे अंतर तिथे निरर्थक ठरते आणि मग ‘दाटीने लावले तरी चालते’ असा सोयीचा अर्थ काढला जातो. मीही तो काढला होता. एका मोठ्या टबात मी टोमॅटोची चार रोपे लावली. महिनाभर ती जोमाने वाढली, पण फळे धरल्यावर प्रत्येक फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडू लागला. करपा समजून मी दोनदा फवारणी केली, ती अर्थातच वाया गेली. तो रोग नव्हताच. चार झाडे तेवढीच माती दुपारपर्यंत कोरडी करीत, संध्याकाळी मी ती चिंब भिजवीत असे, आणि पाण्याच्या या ओढाताणीत फळापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोहोचत नव्हते. जमिनीतल्या टोमॅटोची मुळे ओलाव्याच्या शोधात दोन फूट किंवा अधिक खोल जातात. कुंडीतल्या मुळांना भिंत आडवी येते. आता मी २० लिटरच्या बादलीत टोमॅटोचे किंवा वांग्याचे एकच रोप लावतो, मिरचीला १० ते १२ लिटर माती देतो, आणि दोडक्याचा वेल बादलीत एकटाच ठेवतो.

पालेभाज्यांचे गणित मात्र उलटे आहे. मेथी, कोथिंबीर कोवळी असतानाच काढायची असल्याने सहा इंच खोल क्रेटमध्येही ती दाट पेरता येते. एका चौरस फुटात मुळ्याची १६ रोपे बसवण्याची पद्धत हल्ली सांगितली जाते. ती लहान, गोल, लाल मुळ्यासाठी ठीक आहे. आपल्याकडच्या लांब पांढऱ्या मुळ्याला मात्र निदान चार इंचांचे अंतर आणि फूटभर खोल भुसभुशीत माती लागते, नाहीतर पानेच खावी लागतात (ती वाईट लागत नाहीत, हा भाग वेगळा).

आणखी एक चूक आपल्या भागात हमखास होते. कृष्णाकाठची काळी माती जमिनीत सोने असली, तरी नुसती तीच कुंडीत भरली की वाळताना आकसून कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता त्या फटीतून थेट तळाशी जाते. तिच्यात निम्मे तरी शेणखत व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे. कुंड्याही एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत. मुळे वेगळी असली तरी पाने एकमेकांत गुंतली की पावसाळ्यात रोग लवकर पसरतो. वेलीची विरळणी करून बागेत वारा खेळता ठेवणाऱ्या तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको.

बियाणे विक्रेत्यांनी पाकिटावर ओळींच्या अंतराशेजारी प्रत्येक रोपाला लागणारी माती लिटरमध्ये आणि कुंडीची किमान खोली इंचांत छापावी, आणि तोपर्यंत आपल्या दैनिकाने बागकामाच्या मजकुरात जमिनीचे व कुंडीचे आकडे वेगवेगळे द्यावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली