रडणारं मूल जोकरच्या हातात देऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो होता. जोकरच्या हातात दीड-दोन वर्षांचं पोर, भोकाड पसरलेलं, मागे मोठी माणसं हसतायत. खाली ओळ 'चिमुकल्याची घाबरगुंडी'. मी त्या जोकरचे हात पाहिले. पोर अंगापासून लांब धरलेलं, कधी एकदा आईकडे देतो असं. ही धरायची पद्धत मला ओळखीची आहे. दिवसभर शिलाई मशीन आणि रविवारी वाढदिवसाचा जोकर, असं मी सांगलीत सतरा वर्षं केलं.

आमच्या जिल्ह्याला सर्कस नवी नाही. पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, देवलांची सर्कस म्हैसाळची. लहानपणी गॅलरीत बसून जोकर पाहिला, तेव्हा आजूबाजूचं एकही पोर रडलं नव्हतं. तो तिथे खाली रिंगणात, आपण इथे वर. तोच जोकर दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पोराच्या नाकापुढे येऊन उभा राहिला की गोष्ट वेगळी होते.

माझा मेकअप घरचाच. खोबरेल तेलात कालवलेली झिंकची पांढरी पावडर, ओठांभोवती कानापर्यंत लिपस्टिक, आणि स्पंजचा चेंडू अर्धा कापून दुकानातल्या इलॅस्टिकवर बसवलेलं नाक. 1991 साल असेल. एका रात्री उशीर झाला म्हणून तोंड न धुता तसाच घरी आलो. लाइट गेलेली. मुलगी तीन वर्षांची. दारातून मी हाक मारली, तशी ती "बाबा" म्हणत धावत आली. बायकोच्या हातातल्या कंदिलाचा उजेड माझ्या तोंडावर पडला आणि पोर जागच्या जागी थांबलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसती मागे मागे सरकत भिंतीला टेकली. आवाज बापाचा, तोंड भलत्याचंच. मी म्हणालो, "अगं, मी आहे," तर जास्तच घाबरली. त्या दिवसानंतर रंग लावलेल्या तोंडाने मी घराची पायरी चढलो नाही.

मुलं सिनेमे बघून घाबरतात, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. त्याच मुलीने परवा मोबाईलवर एक बातमी वाचून दाखवली. वेल्समधल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी 64 देशांतल्या 987 मोठ्या माणसांना विचारलं. निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, जोकरची थोडीफार भीती वाटते. (ज्यांना वाटते तेच असले प्रश्न भरायला बसत असतील, ही माझी शंका.) पण कारणं वाचण्यासारखी आहेत. रंगामुळे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, हे सगळ्यात वरचं. जोकरचा स्वतःला वाईट अनुभव आला, हे सगळ्यात खालचं. सिनेमा-टीव्हीचा वाटा आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. मला हे पटलं. उन्हाळ्यात कॉलरपर्यंत घाम, पोटात दुपारपासून काही नाही, यजमान पैशासाठी तंगवतोय, आणि तोंडावर मात्र कानापर्यंतचं हसू. मोठ्यांना ते हसू दिसतं, पोरांना डोळे दिसतात. तमाशातला सोंगाड्या उघड्या तोंडाने बोलतो, चिडला तर चिडलेला दिसतो. त्याला बघून पोरं रडलेली मला तरी आठवत नाहीत.

पोतराज गल्लीत आला की मी आजीच्या पदरात घुसायचो. तोही कपाळभर मळवट भरून, आसूड उडवत यायचा. पण मला कुणी हसलं नाही. उलट आजी पदर आणखी ओढून घ्यायची. जोकरला बघून पोर रडलं की मात्र हसायचं, पुढे ढकलायचं, फोटो काढायचा. एका बंगल्यात वाढदिवसाचा मुलगा बाथरूममध्ये कडी लावून बसला होता आणि बाप बाहेरून दार ठोठावत होता, "बाहेर ये, पैसे दिलेत त्याला!"

पुढे मी रीत बदलली. साध्या शर्टात जायचो, खाली बसायचो आणि पोरांसमोर डबा उघडून रंग लावायचो. नाक त्यांच्या हातात द्यायचो. एकीने ते आधी माझ्या कपाळाला लावून बघितलं, मग आपल्या आजोबांना लावलं. इतकं करूनही एखादं पोर लांबच राहायचं. मी त्याला राहू द्यायचो.

तेव्हा असे फोटो छापू नयेत, एवढी आपल्याला विनंती. आणि आईबापांना सांगायचं ते असं की पोर आपणहून जोकरजवळ गेलं तर खुशाल फोटो काढा. नाही गेलं तर केकचा काढा, तो हलत नाही.

आपला,
एक निवृत्त जोकर, चालू शिंपी
सांगली